ईजीएफ घालण्याआधीच बँड काळा? या चुका टाळा

"मॅडम, ईजीएफ खराब निघालं." ईजीएफ म्हणजे पेशीला वाढीचा संदेश देणारा घटक; तो मिळाला की पेशीतल्या ईआरके प्रथिनावर फॉस्फेट बसतं, आणि हे फॉस्फो-ईआरके ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या पटलावर, काळा बँड म्हणून दिसतं. असा ब्लॉट दाखवत कुणी तसं म्हणालं की मी आधी शून्य मिनिटाची लेन बघते, म्हणजे ईजीएफ न दिलेल्या डिशचा रकाना. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या लेनइतकीच काळी असते. म्हणजे संदेश पोचला नाही असं नाही, तुम्ही द्यायच्या आधीच पेशीला तो मिळालाय.

10 टक्के सीरम (रक्तद्रव) घातलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवात, वाढीचे घटक असतातच. त्यात वाढणाऱ्या हेला पेशींमधलं (प्रयोगशाळेत वाढवतात त्या मानवी कर्करोगाच्या पेशी) ईआरके आधीच जागं असतं. म्हणून आदल्या रात्री सीरम काढायचं. दोन तासांत उरकू पाहणाऱ्यांचे ब्लॉट मी पाहिलेत. मी रात्रभरच ठेवते.

एम.एस्सी.च्या एका मुलीची शून्याची लेन मात्र रात्रभर स्टार्व्ह करूनही (सीरमविना ठेवूनही) तीन आठवडे काळीच येत होती. अँटिबॉडी (फॉस्फो-ईआरके ओळखून चिकटणारं प्रथिन) बदलली, ईजीएफ नवं मागवलं. शेवटी मी तिच्या हूडशेजारी (पेशी हाताळायच्या जंतुविरहित कपाटाशेजारी) उभी राहिले. ईजीएफच्या आधी ती जुनं मीडियम काढून फ्रीजमधलं ताजं घालत होती, शून्याच्या डिशलासुद्धा. थंडीचा झटका आणि द्रवाचा धक्का, दोन्ही पेशीला जाणवतात. पुढच्या खेपेला मीडियम बदललं नाही. डिशमधलंच थोडं मीडियम काढून त्यात ईजीएफ मिसळलं आणि कडेनं अलगद सोडलं. शून्याच्या डिशला तेवढंच, पण ईजीएफशिवाय. लेन कोरी आली. तिचे ते तीन आठवडे मला अजून सलतात. मी पहिल्याच दिवशी शेजारी उभं राहायला हवं होतं.

दुसरी चूक ऑर्थोव्हॅनेडेटची. पेशी फुटल्या की फॉस्फटेज एन्झाइम्स फॉस्फेट काढत सुटतात, त्यांतल्या काहींना व्हॅनेडेट रोखतं. पण पावडर विरघळवून तसंच वापरू नका. पीएच 10 ला आणा, पिवळं दिसलं तर रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पीएच पुन्हा बघा. रंग परत येईनासा होईपर्यंत हेच करत राहायचं. वेळ जातो, जाऊ द्या. पेशी फोडायच्या बफरमध्ये (द्रावणात) ईडीटीए किंवा डीटीटी हे रसायन असेल तर ही मेहनत वाया जाते.

ब्लॉकिंगला, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ब्लॉट झाकायला, दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रथिन) घ्या; दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. एकूण ईआरके (फॉस्फेट असलेलं-नसलेलं मिळून) दाखवल्याशिवाय फॉस्फोचा बँड मला दाखवू नका. इनहिबिटर (संदेश अडवणारं रसायन) डीएमएसओ या द्रावकात असेल तर नुसत्या डीएमएसओची डिश हवीच.

आणि फक्त 30 मिनिटांची एकच वेळ घेऊ नका. हेलात ईआरके पाचेक मिनिटांत शिखर गाठून उतरू लागतं. ईजीएफ आधी 30 मिनिटांच्या डिशला घाला, मग 15, शेवटी 5. सगळ्या डिश एकदमच बर्फावर येतात.