स्टिकर गेलं, पण डायमंड लेन सुटली नाही

कॅलिफोर्नियात इलेक्ट्रिक गाडीच्या बंपरवर सवलतीचं सरकारी स्टिकर असलं, की एकट्यानेही कारपूल लेनमधून, म्हणजे एकाहून जास्त माणसं असलेल्या गाड्यांसाठी राखीव ‘डायमंड लेन’मधून, जाता यायचं. मी गाडी घेतली ती निम्मी त्यासाठीच. केंद्राची परवानगी संपली आणि 30 सप्टेंबर 2025 ला ही सवलत बंद झाली. गाडीत पुरेशी माणसं नसताना त्या लेनमध्ये सापडलं तर दंड किमान 490 डॉलर.

माझा रोजचा रस्ता फ्रीमाँटहून आय-880 हा महामार्ग. तिथली कारपूल लेन म्हणजे टोलची एक्स्प्रेस लेन; तिच्यात सोमवार ते शुक्रवार पहाटे 5 ते रात्री 8 टोल असतो. दोघं असाल तर निम्मा, तिघं असाल तर माफ. मग शेजारच्या वहिनींना विचारलं. त्यांचं ऑफिस माझ्याच वाटेवर, आणि माझ्या लेकाचं पाळणाघरही तिकडेच. कार सीटमधलं बाळसुद्धा एक माणूस म्हणून मोजलं जातं, हे मला तेव्हा कळलं!

तरी पहिल्या आठवड्यात पूर्ण टोल कापला गेला. खूप चिडचिड झाली. कारण साधं निघालं: टोल कापणाऱ्या, काचेवरच्या फास्ट्रॅक फ्लेक्स टॅगचं माणसं सांगणारं बटण 1 वरच राहिलं होतं. गाडीत किती जण आहेत ते टॅग स्वतः ओळखत नाही, आपणच सांगायचं असतं. आता निघण्याआधी, गाडी उभी असतानाच, मी ते 3 वर सरकवते. परत येताना वहिनी नसतात, तेव्हा 2 वर. त्या दिवसापासून सकाळचा टोल शून्य लागतोय.