आरजीबीवरून परावर्तनाचा वर्णपट काढताय? मग या चुका टाळा

साधा कॅमेरा एका पिक्सेलमागे तीनच आकडे देतो: लाल, हिरवा, निळा, म्हणजेच आरजीबी. परावर्तनाचा वर्णपट, म्हणजे वस्तू कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश परतवते याचा वक्र, ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये दर १० नॅनोमीटरला मांडायचा, तर ३१ आकडे हवेत. उरलेले आले कुठून? कोड चालला, गुळगुळीत वक्र उमटला की हा प्रश्न कुणाला पडतच नाही. ते आकडे, तिनावरून एकतीस काढणाऱ्या मॉडेलला तुम्ही ज्या नमुन्यांवर शिकवलंत त्यांच्याकडून येतात, कॅमेऱ्याकडून नाही.

आधी जेपेगचं उरकून टाकतो. वापरू नका. 'गॅमा (जेपेगमधला उजेडाचा वक्र) उलटा लावला की झालं' असं ऐकलं की मी पुढचं ऐकत नाही. व्हाइट बॅलन्स, टोन कर्व्ह, रंग खुलवणं हे सगळं कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं आणि भडक रंग त्यात कापलेही जातात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, घ्या; ब्लॅक लेव्हल, म्हणजे पूर्ण अंधारातही सेन्सर देतो तो आकडा, वजा करा. मग कलरचेकर या रंगतक्त्यातल्या सहा करड्या पॅचचं मोजलेलं परावर्तन आडव्या अक्षावर आणि हिरव्या चॅनेलचं मूल्य उभ्या अक्षावर मांडा. रेषा सरळ आणि शून्यातून गेली पाहिजे. शून्यातून जात नसेल तर बहुधा ब्लॅक लेव्हल राहिली आहे, वाकली असेल तर मध्येच कुणीतरी प्रक्रिया केली आहे. ही रेषा दिसेपर्यंत मी पुढची एक ओळ लिहीत नाही.

आता माझं खरं दुखणं. एक विद्यार्थिनी इंडिगोत रंगवलेल्या सुती कापडाचे वर्णपट काढत होती. शिकवायला घेतले होते मन्सेल या रंगसंग्रहाचे १२६९ नमुने, फिनलंडमधल्या योएन्सू विद्यापीठात मोजलेले, म्हणजे रंग लावलेल्या चकत्या. चाचणीत चूक अगदी थोडी. कापडावर मात्र वर्णपट थेट मोजणारं यंत्र, स्पेक्ट्रोफोटोमीटर, तांबड्या टोकाला, ७०० च्या जवळ, वक्र झपकन वर चढलेला दाखवत होता आणि मॉडेलचा वक्र तिथे आडवा पडून होता. तिने यंत्रालाच दोष दिला आणि त्याचं कॅलिब्रेशन पुन्हापुन्हा करत बसली. यंत्र बरोबर होतं. इंडिगो त्या टोकाला खरंच असा चढतो. कॅमेऱ्यातली इन्फ्रारेड अडवणारी काच तिथला प्रकाश जवळजवळ सगळा थांबवते, त्यामुळे तिथे काय चाललंय हे मॉडेलला कुणी सांगतच नाही. मग ते चकत्यांमधल्या निळ्यांची सरासरी लिहून मोकळं होतं.

शेवटी रंगाऱ्याकडून फिक्या ते गडद बुडीचे तुकडे आणवले, मोजले, शिकवणीत घातले. चढ आला. पण तेच मॉडेल छापील निळ्यावर लावलं, तर तिथे नसलेला चढही उगवला! कॅमेऱ्याला सारखे दिसणारे दोन निळे एकाच उत्तरात बरोबर येऊच शकत नाहीत. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला ब्लाउजपीस उन्हात साडीशी फटकून दिसतो, त्यामागेही हेच कारण आहे. उपाय दोनच. एक तर मॉडेल एकाच मालापुरतं ठेवा. नाहीतर दोन वेगळ्या प्रकाशांत दोन फोटो घ्या, म्हणजे तिनाचे सहा आकडे होतात. हे सांगितलं की मंडळी विचारतात, 'न्यूरल नेटवर्क लावू का?' लावा. त्यालाही तेच तीन आकडे मिळणार.

मॉडेल म्हणून तिसऱ्या घाताची बहुपदी घेण्याची हौस आवरा. तीन चॅनेल, स्थिरपद धरून २० पदं होतात आणि कलरचेकरवर पॅच आहेत २४. त्याच पॅचवर तपासून 'चूक जवळजवळ शून्य' म्हणणं म्हणजे फुटलेल्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणं. शिवाय एक्स्पोजर निम्मं केलं की वक्राचा आकारच बदलतो. मी साध्या रेषीय पद्धतीने, थोडं रेग्युलरायझेशन (गुणक फार मोठे होऊ न देणारा लगाम) लावून सुरुवात करतो. फारच गरज पडली तर वर्गमुळांची पदं घेतो, ती एक्स्पोजरबरोबर त्याच प्रमाणात बदलतात. तपासणी नेहमी न शिकवलेल्या नमुन्यांवर.

बाकीचं थोडक्यात. पांढरा संदर्भ म्हणून झेरॉक्सचा कागद नको, त्यातली चमक आणणारी रसायनं निळ्यात १०० टक्क्यांच्या वर जातात; पीटीएफई या पांढऱ्या प्लास्टिकची चकती घ्या. प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून त्याच जागी कोऱ्या करड्या कार्डाचा फोटो काढून भागाकार करा. खिडकी बंद करा. रेशमाची चमक टाळायला दिवा ४५ अंशांत, कॅमेरा समोर. पांढऱ्या एलईडीत ४८० नॅनोमीटरच्या आसपास खड्डा असतो, तिथलं उत्तर बेताने घ्या.

आणि डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांमधल्या फरकाचा आकडा, ज्या प्रकाशात फोटो काढला त्याच प्रकाशात काढून खूश होऊ नका. तिथे चुकीचा वर्णपटही बऱ्यापैकी बरोबर रंग देतो. प्रकाश ए (पिवळसर बल्बचा प्रमाणित प्रकाश) आणि एफ११ (ट्यूबचा प्रमाणित प्रकाश) लावून पुन्हा काढा, आणि सरासरीबरोबर सगळ्यात वाईट पॅचचा आकडाही लिहा.