एकट्या विद्यार्थ्याची शिकवणी त्याच्या गरजेप्रमाणे कशी घ्यावी

शिकवणी सुरू करताना अनेक जण विद्यार्थी ‘पाहून शिकणारा’ आहे की ‘ऐकून शिकणारा’, हे आधी ठरवू पाहतात आणि मग सगळी तयारी त्या एका शिक्क्याभोवती करतात. हा मार्ग सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा अशा प्रकारांनुसार शिकवल्याने मुले अधिक चांगली शिकतात, याला पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. भूमितीला आकृती लागतेच आणि कवितेला मोठ्याने वाचन लागतेच, मग समोर कोणीही बसलेले असो. विद्यार्थ्यागणिक खरोखर बदलते ते वेगळेच असते: त्याला आधी काय येते, तो कुठे व कशामुळे चुकतो आणि किती आधार मिळाला की तो स्वतःच्या बळावर पुढे जातो.

म्हणून पहिला तास शिकवण्यापेक्षा निरीक्षणात घालवावा. चालू धड्यावरची काही आणि मागच्या इयत्तांतली काही उदाहरणे देऊन ती मोठ्याने बोलत सोडवायला सांगावीत, आणि चूक दिसली तरी मध्येच थांबवू नये. समजा, ४०२ मधून १५७ वजा करायचे आहेत आणि एका विद्यार्थ्याने उत्तर ३५५ काढले, तर दुसऱ्याने ३४५. खरे उत्तर २४५ आहे, त्यामुळे वहीवर दोघांच्याही पुढे एकसारखी फुलीच पडेल. प्रत्यक्षात पहिला प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो आहे, म्हणजे हातचा का घ्यायचा हेच त्याला उमगलेले नाही. दुसऱ्याला हातचा घेता येतो. त्याने शून्याचे नऊ केले, परंतु ते दशक शतकातून आले असल्यामुळे चारचे तीन करायचे राहिले. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे सुटे करून दशक-एकक मुळापासून दाखवावे लागेल, तर दुसऱ्याला मधे शून्य असलेल्या काही वजाबाक्या पुरतील. दोघांना सारखाच सराव दिला, तर पहिला तीच चूक पक्की करत राहील.

विद्यार्थ्याचा विचार ऐकायचा असेल, तर त्याला विचार करायला वेळ द्यावा लागतो. शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात असे त्यांना दिसले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर मुलांची उत्तरे अधिक मोठी झाली आणि ‘माहीत नाही’ म्हणणे किंवा गप्प राहणे कमी झाले. शिकवणीत तर घाई करण्याचे काही कारणच नाही. ‘समजले का?’ हा प्रश्न मात्र टाळावा, कारण लाजरे मूल त्याला नेहमी ‘हो’च म्हणते. त्याऐवजी ‘ही पायरी इथे का घेतलीस?’ असे विचारावे, आणि उत्तर बरोबर असतानाही विचारावे, म्हणजे असा प्रश्न आला की आपले चुकलेच असणार, ही धास्ती मुलाच्या मनात बसत नाही.

मदत किती द्यावी, हा सर्वांत नाजूक भाग आहे. घटक अगदी नवा असेल तर नुसते ‘प्रयत्न कर’ म्हणणे अन्यायाचे ठरते. अशा वेळी पूर्ण सोडवलेले उदाहरण समोर ठेवून प्रत्येक पायरीचे कारण त्याच्याकडून वदवून घ्यावे. पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी रिकामी ठेवावी, त्यानंतर शेवटच्या दोन, आणि असे करत संपूर्ण उदाहरण त्याच्या हाती सोपवावे. ज्याला विषय बऱ्यापैकी येतो त्याला मात्र सोडवलेली उदाहरणे अडथळाच ठरतात. त्याला थेट प्रश्न द्यावा आणि तो अडला तरच एक सूचना करावी. तीही उत्तराची नको. ‘प्रश्नात अजून न वापरलेली माहिती कोणती?’ एवढी पुरते.

एखादा घटक झाला असे कधी मानावे, हेही विद्यार्थ्यावरच ठरते. शिकवल्यादिवशी सुटलेले उदाहरण हा भरवशाचा पुरावा नव्हे. तोच घटक काही दिवसांनी, न सांगता, दुसऱ्या घटकांत मिसळून विचारावा आणि वही न उघडता सोडवायला सांगावे, कारण नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याने शिकलेले अधिक काळ टिकते. जमले तर पुढची उजळणी लांबवावी, अडले तर जवळ आणावी. यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र वही ठेवून तासानंतर लगेच नोंद करावी. ‘अपूर्णांक कच्चे’ या शेऱ्याचा उपयोग होत नाही. ‘छेद वेगळे असले तरी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो’ असे लिहिलेले असेल, तर पुढचा तास नेमका कुठून सुरू करायचा, हे वही उघडताच कळते.