स्तनात गाठ, अंगात ताप : बाळंतिणीच्या घरात होणाऱ्या या चुका टाळा

बाळ अठरा दिवसांचं होतं. डिसेंबर संपत आलेला, माहेर निफाडकडचं, त्यामुळे दुपारी मला हीव भरलं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. दोन गोधड्या घेऊन पडून राहिले. दिवेलागणीला बाळाला डाव्या बाजूला घेतलं आणि किंचाळलेच. स्तनाच्या बाहेरच्या अंगाला लाल पट्टा उमटलेला, हात लावावा तर कढत, आत दगड. ताप १०२.

आजीने बघितलं आणि म्हणाली, "दगडी झाली गं हिला." गाईच्या कासेला सूज आली की आमच्याकडे हाच शब्द. निदान चुकलं नव्हतं. डॉक्टर त्याला मॅस्टायटिस म्हणतात, छापील मराठीत स्तनदाह. गडबड पुढे झाली, कारण उपचारही गाईचाच झाला. तीन दिवस सगळ्यांनी जीव ओतून माझी सेवा केली आणि बहुतेक गोष्टी उलट्या केल्या. चौथ्या दिवशी नाशिकला डॉक्टर मॅडमसमोर बसले तेव्हा ते कळलं. आता इंदिरानगरला आमच्या सोसायटीत कुणी बाळंत झालं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मला फोन येतोच. घरं बदलतात, वाक्यं तीच असतात.

"जोर लावून चोळ, गाठ विरघळेल"

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. मालीशवाल्या मावशींनी कोमट तेल घेऊन अंगठ्याने ती गाठ अशी दाबली की माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसऱ्या दिवशी लाली दुप्पट. शेजारच्या काकूंनी फणी फिरवायला सांगितली होती, तेवढं मात्र आईने होऊ दिलं नाही.

आपल्या मनात चित्र असतं ते तुंबलेल्या मोरीचं : नळीत दुधाचा बोळा अडकलाय, तो ढकलला की मोकळं. प्रत्यक्षात दुधाच्या वाहिन्या केसासारख्या बारीक आणि एकमेकींत गुंतलेल्या. त्यांच्या भोवतालच्या मांसात सूज येते, पाणी साठतं, आणि त्या दाबाने वाहिन्या चेपल्या जातात. म्हणजे दूध अडतं ते सुजेमुळे. हाताला लागणारी गाठ बहुतांशी ही सूजच. ती चोळली की बारीक रक्तवाहिन्या दुखावतात आणि सूज वाढते. घोटा मुरगळून टम्म फुगला तर आपण त्यावर लाटणं फिरवत नाही. (काही गावांत फिरवतात, पण तो वेगळा लेख.)

हात लावायचाच तर बाळाच्या टाळूला तेल लावतो तितका हलका. स्तनापासून काखेकडे आणि गळ्याखालच्या हाडाकडे, फक्त कातडी सरकेल इतकंच. साठलेलं पाणी लसिकावाहिन्यांतून, म्हणजे ते वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, निघून जायला त्याने मदत होते. दुखलं म्हणजे जोर जास्त झाला. पाठ आणि पाय मात्र मावशींकडून खुशाल रगडून घ्या.

"पिळून पिळून मोकळं कर"

गाईला दगडी झाली की सड पिळून कास रिकामी करतात. मलाही पंप आणून दिला. बाळ पिऊन झालं की पंप, रात्री दोनला गजर लावून पंप. दूध निघालं की अर्धा तास बरं वाटे आणि पुन्हा छाती दगड.

हिशेब साधा आहे. जेवढं दूध निघेल तेवढं शरीर पुन्हा बनवतं. बाळाच्या पोटापेक्षा जास्त काढलं तर शरीराला वाटतं, जुळी आहेत. सुजलेल्या जागेत आणखी दूध, आणखी दाब. डॉक्टरही बरीच वर्षं "स्तन पूर्ण रिकामा करा" असंच सांगत, त्यामुळे आजीला दोष देण्यात अर्थ नाही. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली मार्गदर्शन बदललं, तेव्हा जोरदार मालीश आणि जादा पंपिंग दोन्ही नको असं स्पष्ट लिहिलं. जुनी पत्रकं मात्र अजून हातोहात फिरतात.

मग करायचं काय? बाळ मागेल तेव्हा नेहमीसारखं पाजायचं, दोन्ही बाजूंनी, कमी नाही आणि जास्तही नाही. सूज इतकी की बाळाला तोंडात धरता येत नसेल, तर हाताने थोडंसं काढायचं, ताण हलका होईपर्यंतच. पूर्वीपासून पंपावर असाल तर तितक्याच वेळा आणि तितकंच काढा.

"त्या बाजूचं नासलंय, पाजू नकोस"

हे उलट टोक, आणि तितकंच वाईट. पाजणं एकदम थांबवलं की दूध आतच राहतं, सूज वाढते आणि गळू होण्याची भीती वाढते. पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाला हे दूध चालतं. आईला ताप असला तरी चालतं. चव थोडी खारट होते, म्हणून बाळ त्या बाजूला तोंड वेडंवाकडं करतं, एखाद वेळी नाकारतंही. ते नाटक दोन-चार दिवसांचं. बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा काचेच्या पेटीत असेल, नाहीतर स्तनाग्रातून पू किंवा रक्त दिसत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.

"बाळंतिणीला बर्फ? वेड लागलंय का?"

मॅडमनी बर्फ सांगितला तेव्हा आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन आठवडे माझ्या खाटेखाली शेगडी, धुरी, कानाला रुमाल, प्यायला उकळलेलं पाणी, आणि आता पौषातल्या थंडीत छातीवर बर्फ! "वात धरेल," ती म्हणाली. मॅडम तिला म्हणाल्या, "ताई, अंगाला ऊब द्या, शेकोटी करा, काही हरकत नाही. बर्फ तेवढ्या तळहाताएवढ्या जागेला." आईला ते पटलं. घरात भांडण न होता बर्फ लावायचा असेल तर हेच वाक्य वापरून बघा.

पातळ सुती रुमालात बर्फाचे तुकडे गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचे, मग काढायचे, तास-दीड तासाने पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर नको. कोबीची थंड पानं ठेवली तरी चालतात, गार वाटतं, यापलीकडे त्यात जादू नाही. शेकाने त्या जागेचा रक्तपुरवठा आणि सूज वाढू शकते, म्हणून गरम पाण्याची पिशवी तासन् तास धरून बसू नका. पाजण्याआधी दोन मिनिटं कोमट फडक्याने एखादीला बरं वाटतं, तेवढं ठीक.

ताप आणि गोळ्या

इथे दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिली म्हणतात, "दुधाचा ताप आहे, उतरेल." दुसरी संध्याकाळी मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या, नाव न बघता, घेऊन येतात. आमच्याकडे दोन्ही झालं.

सुरुवातीची सूज जंतूंशिवायही असते आणि तेव्हाही ताप, हीव, अंगदुखी येऊ शकते. बर्फ, विश्रांती, नेहमीइतकं पाजणं आणि सूज उतरवणारी गोळी यावर अनेकींना चोवीस तासांत फरक पडतो. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही दुधात अगदी थोड्या प्रमाणात उतरतात, पाजताना चालतात. आयबुप्रोफेन दुखण्याबरोबर सूजही कमी करतं. पण अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचारा. आणि नाशिककरांसाठी खास : पावसाळ्यात डेंग्यूची साथ असते, तेव्हा तापाचं कारण नक्की झाल्याशिवाय आयबुप्रोफेन नकोच, डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तोवर पॅरासिटामॉल.

चोवीस तासांत उतार नाही, लाली पसरतेय, ताप चढतोय, किंवा स्तनाग्राला चीर आहे आणि ती चिघळलीय, तर डॉक्टर गाठा. जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो, आणि त्यावर चालणारी, पाजताना सुरक्षित अशी औषधं आहेत. कोर्स डॉक्टर देतील तितका पूर्ण करायचा, बहुतेक वेळा दहा ते चौदा दिवसांचा असतो. मला तिसऱ्या दिवशीच इतकं बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या बाळाच्या दुपट्यांखाली राहिल्या. दहाव्या दिवशी तीच जागा पुन्हा लाल. तेव्हा मॅडम पहिल्यांदा चिडल्या.

औषध सुरू करून ४८ तासांत फरक नसेल तर परत जायचं, पुढची तारीख येण्याची वाट बघायची नाही. मग दुधाची तपासणी आणि सोनोग्राफी करतात. गळू झालं असेल तरी हल्ली पुष्कळदा सोनोग्राफीत बघून सुईने पू काढतात, मोठी चीर टाळता येते. आणि भोवळ, धाप, खूप जोराची धडधड, बडबडणं असं काही दिसलं तर रात्र काढू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

मुळात झालं कशाने?

माझ्या बाबतीत, बाळ नुसतं टोक धरून ओढत होतं. स्तनाग्र तोंडातून सुटलं की लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं दिसायचं. चीर पडली होती, मी तिला तूप लावून गप्प बसले होते. बाळाने आ वासून टोकाभोवतालचा काळा भागही तोंडात घ्यायला हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली. हे वाचून जमत नाही, कुणीतरी शेजारी बसून दाखवावं लागतं : प्रसूती झाली तिथल्या सिस्टर, आशाताई, नाहीतर स्तनपान सल्लागार. लाज वाटते, पण दहा मिनिटांचं काम आहे.

शिवाय माझी ब्रा एक नंबर लहान होती. आधार देणारी हवी, काचणारी नको. आणि दूध आधीच उतू जात असताना कौतुकाने हळिवाचे लाडू आणि शतावरी कल्प दिवसाला दोनदा चालू होता. लाडू खा, पण "दूध यावं म्हणून" खायची गरज सगळ्यांना नसते.

दुसऱ्यांदा गाठ आली ती कामावर परतल्यावर, सातपूरला. घरी दर तीन तासांनी पाजणारी मी पहिल्याच दिवशी सलग नऊ तास न पाजता राहिले. सुट्टी संपायच्या दोन आठवडे आधीपासून दुपारचं एकेक पाजणं हळूहळू कमी करायला हवं होतं, किंवा कामावर बाळाच्या वेळेला दूध काढायला. कायद्याने बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन जादा सुट्ट्या पाजण्यासाठी आहेत, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीशिवाय. मी मागितल्या तेव्हा साहेबांनी आधी कायदा वाचला, मग रेकॉर्ड रूमची चावी दिली. आत पंखा नव्हता, कडी होती. तेवढं पुरलं.

आणि बरं झाल्यावर आरशासमोर एकदा नीट हात फिरवून बघा. लाली, ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाले तरी गाठ तशीच असेल, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत दिसत असेल, तर "दुधाचीच असेल" म्हणून सोडू नका, सोनोग्राफी करून घ्या. माझी गाठ सव्वा आठवड्यात गेली. आजीने स्वतः हात लावून खात्री केली, आणि मग गोठ्यात जाऊन गाईकडे बघून आली.