पोटाचा घेर, इन्सुलिन आणि म्हातारपण: चाळिशीनंतर काय करायचं

वजनकाट्याआधी शिंप्याची टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ, या दोन्हींच्या मधोमध, श्वास सोडून झाल्यावर घेर मोजा. पँट बांधतो तिथे मोजलं तर सुटलेलं पोट वरच राहतं आणि आकडा फसवा येतो. पुरुषांत 90 सेंटिमीटर, बायकांत 80. त्यावर गेला तर आतड्यांभोवती चरबी साठली आहे असं धरा.

ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे पेशी, रक्तातली साखर आत घ्यायला लावणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन ओततं. ते सतत चढं राहिलं की शरीर साठवणीतच गुंततं, पेशींची साफसफाई मागे पडते. 2003 साली उंदरांच्या फक्त चरबीतले इन्सुलिनचे रिसेप्टर (त्याचा निरोप घेणारे पेशींवरचे भाग) काढले, तर ते नेहमीएवढं खाऊनही सडसडीत राहिले आणि सुमारे 18 टक्के जास्त जगले. माणसाचं आयुष्य असंच वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. मधुमेह मात्र लांबवता येतो.

रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता यांत 12 तास ठेवा. बेळगावच्या बाजारपेठेत दुकान साडेनऊला बंद, दहाला भाताचं ताट, असं असेल तर सातलाच गल्ल्यामागे भाकरी-उसळ उरका. घरी गेल्यावर फक्त पाणी. 'अर्धा कप' साखरेचा चहाही हिशेबात धरायचा. एकादशीला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर बटाटा. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे उगाच म्हणत नाहीत.

बेळगावजवळच्या खानापूरकडे भात सुटणार नाही, सोडूही नका. क्रम बदला: आधी कोशिंबीर आणि वाटीभर घट्ट उसळ किंवा अंडी, मग एक वाटी भात. साखर सावकाश चढते. हात धुतल्यावर आडवं न होता 15 मिनिटं चाला. चालते स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात. म्हणूनच मांड्या जपायच्या: हात न टेकता खुर्चीतून उठ-बस, 10 वेळा, असे तीन फेरे, आठवड्यातून तीन दिवस. गुडघा दुखत असेल तर उंच खुर्ची घ्या.

साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला, नाहीतर पहाटे साखर एकदम खाली येऊन घाम फुटतो, हातपाय थरथरतात. सत्तरीतल्या कृश माणसाने तर जेवण तोडूच नये. चरबीबरोबर स्नायूही जातात.

तीन महिन्यांनी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी करा. 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. सोबत हिमोग्लोबिनही तपासा, कारण लोहाच्या कमतरतेत हा आकडा उगाच जास्त दिसतो. तसं असेल तर उपाशीपोटीच्या साखरेवर भरवसा ठेवा.