वाड्याचे कलाकेंद्र उभे करताना: या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या वास्तूत लोकांनी चालवलेले कलाकेंद्र उभे करण्याचे काम शिकू पाहणारे विद्यार्थी भेटतात तेव्हा ते बहुधा चुना, सागवान आणि नक्षीकाम यांबद्दल विचारतात. वास्तू कोणाच्या नावावर आहे, किल्ली कोणाकडे राहणार आणि दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळण्याचा खर्च कोण उचलणार, हे विचारणारे फार थोडे असतात. सातारा जिल्ह्यातील एका गावच्या चौसोपी (मधल्या चौकाभोवती चारही बाजूंना सोपे, म्हणजे उघड्या ओसऱ्या, असलेल्या) वाड्यात घोंगडी विणणाऱ्या कारागिरांचे केंद्र सुरू झाले, त्या कामात मी संवर्धन वास्तुविशारद म्हणून प्रारंभापासून होते. या विद्यार्थ्यांनी न विचारलेले प्रश्नच अशा कामाचा पाया आहेत, असे माझे ठाम मत तेथे झाले.

पहिले काम कागदपत्रांचे असते. वाडा नगर भूमापन हद्दीत असेल तर मिळकत पत्रिका (मालकीची सरकारी नोंद) काढावी लागते आणि तिच्यावर अनेकदा तीन पिढ्यांपूर्वीच्या कर्त्या पुरुषाचे नाव असते, कारण त्यानंतर वारसनोंदच झालेली नसते. आमच्या वाड्याचे वारस मुंबई, पुणे आणि इंदूर येथे विखुरलेले होते. त्या सर्वांच्या सह्यांचा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा हाती येईपर्यंत आम्ही भिंतीला हात लावला नाही. वाडा देवस्थानाच्या किंवा अन्य सार्वजनिक न्यासाच्या मालकीचा असेल, तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जवळपास केंद्र संरक्षित स्मारक आहे का, हेही आधीच पाहावे. त्याच्या १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीसाठीही परवानगी घ्यावी लागते.

ज्याला हे काम शिकायचे आहे त्याने सावंतवाडी आणि मध्य प्रदेशातील महेश्वर ही दोन ठिकाणे अवश्य पाहावीत. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्याने १९७१ मध्ये लाखकामाची संस्था सुरू केली आणि अस्ताला चाललेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळाच्या पत्त्यांची कला, पुन्हा उभी केली. तेथे दरबार सभागृहात बसून कारागीर दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते हाताने रंगवतात. या कामाला माणसामागे एक बैठक आणि भरपूर उजेड एवढेच लागते, म्हणून ते उंच छताच्या दालनात कोणतीही तोडफोड न करता सामावले. महेश्वरला अहिल्याबाई होळकरांनी विणकर आणून वसवले होते. तेथे रिचर्ड व सॅली होळकर यांनी १९७९ मध्ये विणकरांसाठी रेहवा सोसायटी ही संस्था स्थापन केली आणि किल्ल्याच्या परिसरात पुन्हा माग चालू झाले. दोन्ही ठिकाणी राजघराण्याची माणसे पाठीशी उभी होती. सामान्य गावात तसे कोणी नसते, आणि म्हणून तेथे संस्थेची रचना अधिक विचारपूर्वक करावी लागते.

कलेची गरज आणि वास्तूची प्रकृती यांचा मेळ कसा घालायचा, हे मी सर्वाधिक शिकले ते खड्डामागामुळे. घोंगडीचा माग जमिनीत खणलेल्या खड्ड्यावर असतो. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या (माग चालवण्याच्या पायपट्ट्या) दाबतो. मूळ आराखड्यात हे माग पुढच्या सोप्यात दाखवले होते, कारण तेथे उजेड चांगला येतो आणि पाहुण्यांनाही ते दिसतात. परंतु सोप्याचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) उभे होते आणि तळखड्याशेजारची माती उकरली तर वरच्या तुळईसह सारा भार ढळण्याचा धोका होता. शिवाय ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) चिंचोक्याची खळ देण्यासाठी तो लांबलचक पसरावा लागतो आणि चौकाची लांबी त्याला अपुरी होती. एका ज्येष्ठ विणकराने दोरी धरून ती स्वतः मोजून दाखवली आणि मागची पडवी सुचवली, कारण तेथून ताणा थेट परसात नेता येत होता. आम्ही पडवीत खांबांपासून दूर एक चाचणी खड्डा घेतला आणि भर पावसाळ्यात त्यात पाणी चढते का ते पाहिले. खड्डा कोरडा राहिल्यावरच उरलेले खणले आणि त्यांच्या कडा चुन्यात दगड बसवून बांधल्या. आराखडा कागदावर उतरवण्यापूर्वी कारागिराला रिकाम्या वास्तूत फिरवून आणावे आणि तो कोठे थांबतो ते पाहावे, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते.

भिंतींच्या बाबतीत सर्वांत अधिक वेळ गेला तो आधीच्या दुरुस्तीत लावलेला सिमेंटचा गिलावा काढण्यात. विटा आणि मातीच्या भिंतीत जमिनीतून चढणारा ओलावा चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडू शकतो; सिमेंटने ती वाट बंद होते, ओल वर सरकत जाते आणि भिंतीला लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागतो. गिलावा उतरवून भिंती एक पूर्ण उन्हाळा उघड्या ठेवल्या. त्या काळात काम थांबल्यासारखे दिसते आणि देणगीदार अस्वस्थ होतात, पण घाई केली तर नवा गिलावा फुगून सुटतो. चुना पुरेसा विरलेला असावा, वाळू धुतलेली असावी. गूळ, हिरडा यांचे प्रमाण पुस्तकापेक्षा जुन्या गवंड्याकडून समजून घ्यावे आणि लहानशा तुकड्यावर आधी लावून पाहावे.

संस्थेच्या रचनेविषयी माझा सल्ला स्पष्ट आहे: वास्तू सांभाळणारी संस्था आणि माल विकणारी संस्था वेगळ्या असाव्यात. आमच्याकडे भाडेपट्टा न्यासाच्या नावे आहे, तर लोकर घेणे, सूत काततात त्या स्त्रियांना मजुरी देणे आणि घोंगड्या विकणे ही कामे कारागिरांची सहकारी संस्था करते व न्यासाला दरमहा ठरलेली रक्कम देते. विक्री मंदावली तरी त्यामुळे वास्तूवर संकट येत नाही, आणि विश्वस्तांना मालाचा भाव ठरवता येत नाही. विश्वस्त मंडळात विणकरांना जागा राखून ठेवल्या, आणि त्यांत सूत कातणाऱ्या स्त्रियाही असाव्यात असा आग्रह धरला. कारण बैठकीची वेळ, पाळणाघर आणि शौचालयाची जागा हे विषय त्यांनीच प्रथम मांडले. देखभालीचा निधी वेगळ्या खात्यात असावा आणि कार्यक्रमांसाठी तो वापरू नये, हे नियमावलीतच लिहून ठेवावे. चौकात होणाऱ्या भजनांचे, धनगरांच्या गजीनृत्याचे आणि शाळेच्या कार्यक्रमांचे शुल्कही त्याच खात्यात जमा होते.

शिक्षणासाठी दिल्लीचे स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ येथे वास्तुसंवर्धनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. इतिहास आणि पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज आहे. वास्तुकलेची पदवी नसली तरी या कामात जागा आहे, कारण हिशेब ठेवणारी, कारागिरांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारी आणि शासकीय प्रस्ताव नीट लिहिणारी माणसे नेहमीच कमी पडतात. पहिली शिकाऊ उमेदवारी शक्यतो चालू दुरुस्तीच्या जागेवर करावी आणि ती पावसाळा धरून करावी. मोजमापाच्या वहीत कडीपाटातून (लाकडी छतातून) पाणी कोठे टपकते, कोणत्या भिंतीला ओल किती उंचीपर्यंत येते आणि ती किती दिवसांत ओसरते, याच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात, कारण हिवाळ्यात अंदाजपत्रक मांडायला बसल्यावर सर्वप्रथम त्याच लागतात.