बॅकअपआधी दुकानातल्या माणसाला विचारणारी चौकट कशी दाखवावी

समजा, कोल्हापूरच्या चप्पल लाइनमधल्या एका दुकानात रोज रात्री बिलांचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेणारी बॅच फाइल (विंडोज ओळीने चालवतं त्या आज्ञांची फाइल) चालते. काळ्या खिडकीतली इंग्रजी सूचना शटर ओढायच्या गडबडीत कोण वाचतंय? दुकानातल्या माणसाच्याच बोलीत विचारणारी विंडोजची चौकट मात्र त्याला थांबवते. व्हीबीस्क्रिप्ट या मायक्रोसॉफ्टच्या छोट्या स्क्रिप्ट-भाषेच्या दोन ओळींत काम होतं.

नोटपॅडमध्ये या ओळी लिहा. अवतरणातला मजकूर सोडून बाकी सगळं इंग्रजी अक्षरांत हवं.

ए = एमएसजीबॉक्स("पेन ड्राइव्ह लावलाय न्हवं?", 292, "आजचा बॅकअप")
डब्ल्यूस्क्रिप्ट.क्विट ए

292 ही बेरीज आहे: यस-नो बटणांचे 4, प्रश्नचिन्हाचे 32 आणि दुसरं बटण आधीच निवडलेलं राहावं म्हणून 256. यातले 256 गाळू नका. घाईत एंटर दाबला जाणारच. तेव्हा उत्तर 'नो' जायला हवं. या चौकटीची फुली बंद असते, एस्केपही चालत नाही, त्यामुळे उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमागे चौकट लपत असेल तर आणखी 4096 मिळवा, म्हणजे 4388. प्रश्न नकारार्थी नको. 'लावला नाही का?' असं विचारलंत तर यस म्हणजे नेमकं काय, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आता सेव्ह. प्रकार 'ऑल फाइल्स', नाव इंग्रजी अक्षरांत 'विचार' आणि शेवटी डॉट व्हीबीएस, एन्कोडिंग यूटीएफ-16 एलई. यूटीएफ-8 ठेवलंत तर मराठीचा चिवडा होतो.

मग ती फाइल बॅच फाइलच्याच फोल्डरमध्ये ठेवून कॉपीच्या ओळीआधी हे घाला (हेही इंग्रजी अक्षरांत):

सीस्क्रिप्ट //नोलोगो विचार.व्हीबीएस
इफ नॉट %एररलेव्हल%==6 एक्झिट /बी

दाबलेल्या बटणाचा आकडा एररलेव्हलमध्ये येतो: यसचा 6, नोचा 7. नुसतं 'इफ एररलेव्हल 6' लिहू नका. त्याचा अर्थ '6 किंवा जास्त' असा होतो, म्हणजे नो म्हटलं तरी कॉपी सुरू!

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढून टाकणार असल्याचं जाहीर केलंय. नव्या कामाला पॉवरशेल, म्हणजे विंडोजचीच नवी स्क्रिप्ट-भाषा, बरी. 4, 32, 256 आणि 6, 7 हे आकडे तिथल्या मेसेजबॉक्सलाही तेच आहेत.

बॅच फाइल टास्क शेड्यूलरवर (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) लावणार असाल तर 'युजर लॉग-ऑन असतानाच चालवा' हाच पर्याय निवडा. दुसऱ्या पर्यायात चौकट कुणालाच दिसत नाही आणि स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत अडकून पडते.